पडद्यावर देव प्रकट झाला तो कसा?

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, हे आता शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु त्या काळच्या पडद्यावर देव प्रकट झाला तो कोणत्या युक्तीने, हे फारसे कोणी विचारीत नाही. दादासाहेब फाळक्यांनी ते कधी लपविले नव्हते; आणि त्यांच्या कर्तृत्वाचा हाच भाग मला पहिलेपणाच्या मानाहून मोलाचा वाटतो.

फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. चिरंजीव मात्र मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि छायालेखन, मूर्तिकाम अशा हस्तविद्यांत रमले. (आमच्या बडोदेकर वाचकांनी याचा थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही!) 1912 साली ते लंडनला जाऊन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले.

भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी प्रथम कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा हलवावयाचा नाही, आणि ठराविक वेळाने एकेकच चित्र घ्यावयाचे, असा क्रम त्यांनी कित्येक दिवस चालविला. पडद्यावर तो वेल क्षणार्धात अंकुरून वाढू लागला. चित्रपटविद्येचे मर्म ह्या वाटाण्यात आहे असे म्हटले तरी चालेल: काळ हा येथे कारागिराच्या हातातील माती होय.

मग आली मेहनत. कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे. फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे मावतात आणि प्रत्येक चित्रास एकेका कडेला 4 छिद्रे लागतात. म्हणजे फुटामागे एका कडेस 64. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे 3700 फुटांचा होता! अंधाऱ्या खोलीत बसून ही छिद्रे पाडण्याचे व फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. त्यांनी अंगावरचे दागिनेही ह्या उद्योगात घातले. मंडळींचा स्वयंपाक होताच. चरित्रकार दागिन्यांविषयी भरभरून लिहितात, छिद्रांविषयी एखादे वाक्य. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता.

प्रकाश सूर्याचा. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. दशावतार पाहिलेल्या आपल्या लोकांस त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. ह्याच साळुंक्यांनी 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली.

आता देवाचे प्रकटीकरण. कॅमेऱ्याची मूठ फिरविणे थांबवावयाचे. सर्व नटांनी जागच्या जागी निश्चल राहावयाचे. देवाचा वेष घेतलेल्याने मध्ये येऊन उभे राहावयाचे. आणि मूठ पुन्हा फिरवावयाची. पडद्यावर मधला अवकाश दिसत नाही, देव अकस्मात उभा राहिलेला दिसतो. दुसरी युक्ती म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेणे. तिने देहाआरपार दिसणाऱ्या आकृती साधतात.

भाविक मनास येथे प्रश्न पडेल, की ही फसवणूक नव्हे काय? शास्त्र्यांच्या घरात वाढलेल्या फाळक्यांस ही शंका सुचली नसेल असे मला वाटत नाही. 1917 साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ ह्या नावाचा एक लघुपटच काढला. त्यात ते स्वतः नटांस शिकविताना व फिल्मची जुळवणी करताना दिसतात. मूर्तिकाराच्या घरी गणपती घडताना पाहिलेला मनुष्य चतुर्थीस त्याच गणपतीपुढे हात जोडतोच की!

1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी ही गोष्ट कथेच्या दारातच मांडली. त्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. आरंभी प्रेक्षकांस दिसतो तो केवळ तिचा चेहरा, एकामागून एक भाव पालटणारा. मग तो हळूहळू विरत जाऊन त्याच जागी बाळकृष्ण दिसू लागतो, आणि यमुनेकाठची कथा सुरू होते.