लोकगीतांचे स्वामित्व आणि खुला परवाना : गोराईच्या गीतपरंपरेच्या संदर्भात

प्रास्ताविक :
गोराई हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील, बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे वसलेले गाव होय. मनोरी, गोराई व उत्तन ही गावे ज्या धारावी बेटावर आहेत, ते बेट १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते. धर्मांतरानंतरही येथील ख्रिस्ती रहिवाशांनी आपली मराठी बोली व लग्नगीते सोडली नाहीत. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ‘उंबराचं पाणी’ या विधीत विहिरीचे पाणी वाजतगाजत आणताना गायिली जाणारी गाणी मौखिक परंपरेने टिकली. ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाचे युग येईपर्यंत उद्भवलाच नाही.

कायद्याची वाटचाल :
भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. स्वातंत्र्योत्तर काळातील प्रताधिकार अधिनियम १९५७ चा. या कायद्यानुसार अज्ञात पूर्वजांनी रचलेल्या पारंपरिक गीतावर कोणाचाही हक्क राहत नाही. मात्र त्याच गीताच्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क निर्माण होतो व तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. हा हक्क गाणाऱ्या स्त्रीचा नसून मुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा असतो. गायक-वादकांस ‘सादरकर्त्याचे हक्क’ १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले. त्यांची मुदत प्रारंभी २५ वर्षे होती. १९९९ मध्ये ती ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याच्या नामनिर्देशाच्या हक्कास मान्यता दिली. म्हणजेच गाणे गावाचे, आवाज गावातील स्त्रियांचा आणि मुद्रण तिसऱ्याच्या मालकीचे, अशी स्थिती कायद्याच्या चौकटीतच उद्भवू शकते.

खुल्या परवान्याचा उदय :
अमेरिकेत २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये आपले पहिले परवाने जाहीर केले. श्रेयनिर्देश, अव्यापारी वापर, रूपांतरास मनाई आणि नव्या कृतीसही तोच परवाना लावण्याची अट, या चार घटकांच्या जुळणीतून ते सिद्ध होतात. जानेवारी २००७ मध्ये त्यांच्या भारतीय आवृत्तीचा प्रारंभ मुंबई उपनगरातीलच पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. परवाना लेखी व हक्कधारकाच्या सहीचा असावा, असे अधिनियमाचे कलम ३० सांगत असे; २०१२ मध्ये सहीची अट वगळण्यात आल्याने अशा जाहीर परवान्यांचा मार्ग अधिक सुकर झाला.

मर्यादा व उपयुक्तता :
खुला परवाना हा प्रताधिकाराचा त्याग नव्हे. तो प्रताधिकारावरच उभा असतो. त्यामुळे पारंपरिक गीताला तो लावता येत नाही, केवळ त्याच्या नव्या मुद्रणाला लावता येतो. एखाद्या चित्रपट निर्मात्याने तेच गीत नव्याने गाऊन घेतल्यास हा परवाना त्यास रोखू शकत नाही. तसेच एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. आणि ज्या कलावंताने आपले हक्क स्वामित्वशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेकडे सोपविले आहेत, त्यास तो परस्पर देता येत नाही.

तरीही त्याचे मोल कमी नाही. गावाने स्वतः पुढाकार घेऊन मुद्रण केले, तर निर्मात्याचा हक्क गावाकडे राहतो. गायिकांची संमती, त्यांची नावे, गावाचे नाव व दिनांक यांसह ते मुद्रण खुले केल्यास अभ्यासक, शिक्षक व परगावी गेलेली पिढी ते निर्वेधपणे वापरू शकते. पुढे कोणी त्या गीतावर ‘मूळ रचना’ म्हणून दावा सांगितला, तर हेच मुद्रण त्याविरुद्ध पुरावा ठरते.

निष्कर्ष :
गोराईसारख्या गावांत ही गाणी आजवर कोणत्याही परवान्याविना वाटली गेली, कारण गाणारे व ऐकणारे एकच होते. ध्वनिमुद्रणाने ते दोघे वेगळे केले. खुला परवाना गाण्याचे रक्षण करीत नाही; परंतु गाणाऱ्याचे नाव गाण्यापासून तुटू न देण्याचे एक साधन तो निश्चितच देतो. त्याचा उपयोग जाणत्या गायिका हयात असतानाच होणे अगत्याचे आहे.