एपिडर्मोलायसिस बुलोसा : बाळाची त्वचा आणि घरातले हात

खासबाग, वडगाव, शहापूर ही बेळगावची विणकरांची वस्ती. साऱ्या सीमाभागाप्रमाणे इथेही नवजात बाळ म्हटले की तेल, डाळीचे पीठ आणि अंग चोळून आंघोळ आलीच. निरोगी बाळाला ती सोसते. एपिडर्मोलायसिस बुलोसा हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असलेल्या बाळाची कातडी मात्र त्याच चोळण्याने फोड येऊन सोलवटून निघते.

विकाराचे प्रकार ठरतात ते त्वचेत फट नेमकी कुठे पडते यावरून. सिम्प्लेक्स प्रकारात दोष बहुधा केराटिन ५ किंवा १४ च्या जनुकात असतो. फट बाह्यत्वचेतच पडते आणि जखम सहसा व्रण न ठेवता भरते. डिस्ट्रॉफिक प्रकारात सातव्या जातीचे कोलॅजेन सदोष असते किंवा नसतेच. बाह्यत्वचेला खालच्या थराशी बांधणारे तंतू त्याचेच. ते नसले की उसवलेल्या अस्तरासारखी कातडी सुटते. तीव्र रूपात बोटे एकमेकांना चिकटतात, अन्ननलिका अरुंद होते. पहिल्या आठवड्यात नुसते फोड पाहून हा भेद करता येत नाही. त्यासाठी त्वचेच्या तुकड्याची तपासणी आणि जनुक-चाचणीच हवी.

मोठा फोड निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी काढतात. वरची साल तशीच ठेवतात. त्यावर न चिकटणारे सिलिकॉनचे ड्रेसिंग. चिकटपट्टी कदापि नाही. बाळाला काखेत धरून उचलू नये. एक तळवा ढुंगणाखाली, दुसरा मानेखाली ठेवावा. अंगडे उलटे घालावे, म्हणजे शिवण बाहेर राहते. हे सगळे आईबरोबर आजीलाही दाखवायला हवे, कारण बऱ्याच घरांत आंघोळ तीच घालते.

डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्या जेलची किंमत विणकराच्या घराला झेपणारी नाही.

ग्रहणात काही चिरले म्हणून असे झाले, हा आईवरचा ठपका निराधार आहे. तीव्र डिस्ट्रॉफिक रूपात सदोष जनुकाची एकेक प्रत बहुधा आई आणि बाप दोघांकडूनही येते. मामाची मुलगी किंवा सख्खी भाची करण्याची चाल असलेल्या आपल्या भागात दोघेही तीच प्रत बाळगून असण्याचा संभव वाढतो. तसे असल्यास प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. पहिल्या बाळाच्या जनुकातला नेमका बदल हाती असेल, तरच पुढच्या खेपेस साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश तपासून निदान होते. तेव्हा चाचणीचा विषय पुन्हा दिवस जाण्याआधी, ड्रेसिंग शिकवतानाच काढावा.