पाप कोणाचे, न्याय कधी?

तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये पेशव्यांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकला. राज्य बदलले, अस्पृश्यता राहिली. पोर्तुगीजांच्या काळात रुजलेला ख्रिस्ती धर्मही पालघरच्या किनाऱ्यावर टिकला. त्याची शिकवण अशी: माणूस आदामापासून पापी, तारण येशूवरील विश्वासाने, शेवटी देवापुढे न्याय. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने दिले, हे आम्ही मानतो. पण अस्पृश्याच्या गुलामीत पाप त्याचे की जातिव्यवस्थेचे? धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवर लिहिताना बाबासाहेबांचा आक्षेप हाच होता. दुःखाचे मूळ स्वतःच्या पापात शोधणारा समाजाविरुद्ध लढेल कसा? पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांतही आपल्यालाच दोषी ठरवत होता. म्हणून १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मोक्षदाता नव्हे, मार्गदाता बुद्ध स्वीकारला. बोईसरच्या कामगार बांधवांनो, न्यायासाठी शेवटच्या दिवसाची वाट का पाहायची? जय भीम!