गाडीतला एसी आणि बिघाडाचा माग

गाडीचा ऑटो एसी बिघडला की दोष संगणकाच्या माथी मारला जातो. इतिहास वेगळे सांगतो. 1940 च्या पॅकार्ड गाडीत एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. गैरसोय मोठी, पण कोणता भाग काय करतो हे उघड दिसे. 1964 च्या मॉडेलांत कॅडिलॅकने ‘कम्फर्ट कंट्रोल’ आणला आणि चालकाने फक्त तापमान लावायचे, असे ठरले. बाहेरची, केबिनमधली आणि नळीतून येणारी हवा तीन सेन्सर मोजत. त्यांचा क्षीण संदेश ट्रान्झिस्टर वाढवी, त्याप्रमाणे व्हॅक्यूम कमीजास्त होई आणि त्या जोरावर आतल्या झडपा हलत. या साखळीत कुठेही खोट असो, प्रवाशाला कळे ते एवढेच, की हवा गार येत नाही. माग काढणे अवघड झाले ते इथेच, संगणक डॅशबोर्डमध्ये शिरण्याआधी.

जुन्या रचनेत व्हॅक्यूमच्या नळ्या हाताने चाचपता येत, हे खरे. पण व्हॅक्यूमची गळती भलतीकडेच लक्षण दाखवी. अनेक गाड्यांत व्हॅक्यूम गेला की हवा समोरच्या काचेकडे वळे, कारण धुके हटवण्याची सोय शाबूत राहणे सुरक्षिततेसाठी गरजेचे होते. चढावर इंजिनाचा व्हॅक्यूम घटला की गळक्या यंत्रणेतही तेच घडे, सपाटीवर पुन्हा सारे सुरळीत. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हा दोष सापडणार कसा? 1980 च्या दशकारंभी कॅडिलॅकमध्ये ‘ऑफ’ आणि ‘वॉर्मर’ ही बटणे एकदम दाबली की एसीच्याच पडद्यावर बिघाडाचे कोड उमटू लागले. गाडी स्वतःच साक्ष देऊ लागली, हे श्रेय इलेक्ट्रॉनिक्सचेच.

मग कोड वाचला की भागले, असे कोणी म्हणेल. पण कोड बहुधा तुटलेली किंवा शॉर्ट झालेली वायर दाखवतो, चुकीच्या जागची हवा नव्हे. केबिनचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या बारीक जाळीमागे असतो आणि एक छोटी नळी किंवा पंखा त्याच्यावरून हवा ओढतो. नळी निसटली की सेन्सर डॅशबोर्डमागची कोंडलेली गरम हवा इमानाने मोजतो; कोड येत नाही आणि केबिन गारठून जाते. जाळीवर कागदाचा कपटा धरून तो चिकटतो का, हे पाहिले तरी ही शंका फिटते. त्यातच अमेरिकेत 1996 पासून सक्तीचे झालेले सामाईक निदान धुराच्या प्रदूषणाशी संबंधित बिघाडांपुरतेच होते. एसीचे कोड ज्या त्या कंपनीचे राहिले, आणि योग्य स्कॅनर नसलेल्या छोट्या गॅरेजवाल्यापुढे पुष्कळदा गॅस भरून पाहण्याचाच मार्ग उरला.