लिनक्सच्या पोथीची राखण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. मी आज जिच्याविषयी लिहिणार आहे ती बखर रोज लिहिली जात आहे. तिचे लेखक हजारो आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. तिचे नाव लिनक्स. संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारी कामे या दोहोंना सांभाळणारा जो आज्ञावलीचा गाभा असतो, ज्याला जाणकार 'कर्नल' म्हणतात, तो हा. वाचकांपैकी कित्येकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. तेव्हा ही परक्या घरची हकीगत असे कोणी मानू नये.

१९९१ साली हेल्सिंकी विद्यापीठात लिनस तोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने हप्त्यांवर एक संगणक घेतला आणि त्याच्याशी खेळता खेळता स्वतःचाच गाभा लिहावयास घेतला. २५ ऑगस्ट रोजी त्याने समव्यसनी मंडळींच्या सार्वजनिक संदेशफलकावर कळविले की, हौसेखातर काहीतरी करीत आहे, फार मोठे व्हावयाचे नाही, कोणाला काय हवे ते सांगा. सप्टेंबरात ०.०१ ही पहिली प्रत फिनलंडमधील एका सार्वजनिक साठ्यावर ठेवली गेली. सारा मजकूर जेमतेम दहा हजार ओळींचा! तिच्या बारशाची कथा मोठी गमतीची आहे. तोरवाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स' असे नाव होते. साठा सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते रुचले नाही आणि त्यांनी कप्प्याला 'लिनक्स' हे नाव देऊन टाकले. आत्याबाईंचा मान असा परस्पर दुसऱ्यानेच घेतला!

१९९२ च्या आरंभी गाभ्याला नवा परवाना लाभला. कोणीही प्रत घ्यावी, बदलावी, हवी तर विकावी; मात्र पुढे देताना मूळ मजकूरही द्यावा, अशी त्यातली अट. या एका अटीने वाचकाचा लेखक होऊ लागला. ज्याला चूक सापडेल त्याने संपूर्ण पोथी परत पाठवावयाची नाही, फक्त फरक पाठवावयाचा. कोठली ओळ गेली तिच्यापुढे उणे, कोठली आली तिच्यापुढे अधिक. याला ते लोक 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात. हे ठिगळ आपोआप जागच्या जागी शिवणारी आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ सालीच लिहून ठेवली होती. लिनक्स वाढला तो या सुईदोऱ्यावर, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हे सारे कसे पोचले? विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले खरे, पण टेलिफोनच्या तारेवरून अख्खा गाभा उतरवून घेणे म्हणजे मध्येच तार तुटली तर पुन्हा श्रीगणेशा. १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी मिळू लागली आणि माझ्यासारख्यांची मोठीच सोय झाली. तबकडी हाती येईपर्यंत तिच्यातली प्रत शिळी झालेली असे. मग ठिगळांचा शोध. नवे काय निघाले, ते घ्यावे की थांबावे, हे एकमेकांना विचारावयाचे. त्या काळी एक सोपा संकेत होता. आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर प्रत भरवशाची, विषम असेल तर प्रयोगाची. घरच्या एकुलत्या एका संगणकावर विषम आकडा चढविणाऱ्याच्या धाडसाचे आम्हांला कौतुक वाटे. त्याच्या घरच्यांना वाटत नसावे.

परंतु प्रती वाढल्या की खरी प्रत कोणती, हा प्रश्न येतोच. नाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली ती याच कारणाने, आणि तिच्यात पुढे कोणी ओवी घुसडू नये म्हणून त्यांनी ताकीदही देऊन ठेवली. लिनक्सवर असा प्रसंग २००३ साली आला. त्या वेळी मूळ पोथी 'बिटकीपर' नावाच्या एका खाजगी कंपनीच्या दप्तरात राहत असे. ते दप्तर मुक्त नाही म्हणून ज्यांना नको होते, त्यांच्यासाठी दुसऱ्या पद्धतीची एक नक्कल ठेवलेली होती. ५ नोव्हेंबरला त्या नकलेत दोन नव्या ओळी आढळल्या. दिसावयास त्या साध्या तपासणीच्या, 'वापरणारा शून्य क्रमांकाचा आहे काय?' असे विचारणाऱ्या. पण तुलनेसाठी बरोबरीची दोन चिन्हे लागतात, तेथे एकच होते. आणि एका चिन्हाचा अर्थ 'याला शून्य क्रमांक देऊन टाक' असा होतो. शून्य क्रमांक म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. ठराविक खूण सांगणाऱ्या कोणाही उपटसुंभाला राज्याभिषेक! बिटकीपरवाले लॅरी मॅकव्हॉय यांनी दाखवून दिले की मूळ दप्तरात या बदलाची नोंदच नाही. चोर कोण, हे आजतागायत उघड झालेले नाही.

पुढे २००५ साली बिटकीपरची फुकट वापराची सवलत बंद झाली. तोरवाल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःचे दप्तर लिहावयास घेतले, आणि ७ तारखेला ते स्वतःचाच हिशेब ठेवू लागले. त्याचे नाव 'गिट'. त्यात प्रत्येक बदलाचा एक ठसा निघतो. तो त्या मजकुरावरून आणि आधीच्या ठशावरून काढलेला असतो. मागे कोठे काना-मात्रा जरी हलविली तरी पुढचे सारे ठसे बिघडतात.

त्याची कसोटी २०११ च्या ऑगस्टात लागली. गाभ्याचे मुख्य कोठार असलेल्या संगणकांत चोर शिरल्याचे उघडकीस आले, आणि कोठार महिनाभर बंद राहिले. इतर कोणत्याही कारखान्यात हाहाकार झाला असता. येथे संपूर्ण पोथी हजारो लोकांच्या घरी होती, ठशांसकट. तोरवाल्ड्सने आपली प्रत दुसरीकडे मांडली आणि काम चालू ठेवले. ज्याला शंका येईल त्याने आपल्याकडचा ठसा ताडून पाहावा. ३.१ ही आवृत्ती २४ ऑक्टोबरला निघाली, लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी. फराळाची ताटली शेजारी ठेवून मी ती उतरवून घेतली आणि ठसा जुळविला. चाळीस अक्षरे होती, चाळीसही जुळली.