घाण्यापासून पेतीलियापर्यंत : आपल्या घरांतील संध्याकाळचे जेवण

आपल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यात नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज आहे, मशिदी आहेत, पलटणीतले सुभेदार आहेत, शाळा आणि संस्था आहेत. चूल मात्र फारशी कुठे दिसत नाही. सणाच्या पुरणपोळीचा आणि मलिद्याचा उल्लेख येतो. परंतु वर्षाचे जे तीनशे साधे दिवस, त्या दिवशी दिवसभर राबून आलेल्या बाईने रात्री ताटात काय वाढले, हे कोणी लिहून ठेवले नाही. वाढणारीला लिहायला सवड नव्हती आणि लिहिणाऱ्याला ताट आयते मिळत होते! मी पस्तीसहून अधिक वर्षे इथल्या इस्पितळांत परिचारिकेचे काम केले, तीन पाळ्यांत. त्यामुळे ‘आज रात्री काय करायचे?’ या प्रश्नाला मी कोणत्याही पुस्तकी प्रश्नापेक्षा कमी लेखत नाही.

कुलाबा जिल्ह्यातले आपले पूर्वज तेल गाळीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, आणि सोमवारी बैल सोडणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून अभिमानाने सांगितली जाते. पण घाणा बंद ठेवायचा म्हणजे चूलही पेटवायची नाही, हे त्या अभिमानाचे दुसरे अंग आहे. शनिवारचे सगळे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत उरकायचे. म्हणजे पुरुषाला व बैलाला एक दिवस विश्रांती मिळे, ती बाईच्या शुक्रवारच्या दुप्पट कामातून. शनिवारी मात्र तीही खरोखरच मोकळी असे. आठवड्यातून एक दिवस ‘आज स्वयंपाक नाही’ असे बाईने म्हणावे आणि घरातल्या कोणी ब्र काढू नये, अशी सोय त्या काळच्या कोकणात दुसऱ्या किती घरांत होती?

रोजचे जेवण साधेच. भात, मासळीचे कालवण, कधी तांदळाची भाकरी, बाजूला काहीतरी आंबट. मांस सणासमारंभाला, आणि त्यात दुधाचा थेंब पडायचा प्रश्नच नव्हता, कारण रस्सा दाट करायला नारळाचे दूध घरचे होते. दूध आणि मांस वेगळे ठेवण्याचा नियम परदेशी यहुद्यांना दोन प्रकारची भांडी मांडून सांभाळावा लागला. आपल्या आज्यांना परसातल्या माडाने त्यात मोठी मदत केली.

आपल्या जुन्या सणांची नावे पाहा. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात ही नावे नोंदलेली आहेत : खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण. हिब्रू नावे विस्मरणात गेली तेव्हा स्वयंपाकघरातल्या नावांनी पंचांग सांभाळले. बिरड्याचा सण म्हणजे अव महिन्याच्या नवमीचा उपास. तो सोडताना वालाचे बिरडे, तेही केळीच्या पानावर. बिरड्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे : वाल भिजवायचे, बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. एकट्या दमलेल्या बाईने करण्याचे ते काम नव्हेच. सासू, जावा, मुले सगळी परातीभोवती बसत आणि गप्पांत काम उरके. ‘शिळा सण’ हे नाव तर मला फार आवडते. किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला आपल्या लोकांनी असे नाव द्यावे, यात केवढा प्रामाणिकपणा आहे!

आणि दावीद राहाबीची कथा. ती केव्हाची याविषयी विद्वानांत मोठे मतभेद आहेत; कोणी तिला शेकडो वर्षे मागे नेतात, कोणी कोचीनच्या राहाबी घराण्यातील अठराव्या शतकातल्या पुरुषाशी जोडतात. परंपरा अशी की, हे तेली लोक खरोखर यहुदी आहेत काय हे पाहण्यासाठी राहाबीने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. पुढे १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटने आपल्या मुलामुलींच्या लग्नांसाठी आईच्या, आजीच्या वंशाची चौकशी करण्याचा नियम काढला, तेव्हा कागद मागितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणे धरले, क्नेसेटमध्ये आपल्या बाजूने ठराव झाला आणि त्या नियमातून आपल्या समाजाचे नाव काढले गेले. तो लढा पुरुषांच्या नावांनी सांगितला जातो, ते योग्यच आहे. परंतु मागे ज्या एका परीक्षेत आपण उतरलो ती मासळीच्या टोपलीपुढे घेतली गेली होती आणि परीक्षेला बायका बसल्या होत्या.

मुंबईत आल्यावर चित्र बदलले. लष्कर, रेल्वे, गिरण्या, कचेऱ्या यांत पुरुष लागले आणि पुढे मुलीही शिकल्या. १८७५ साली सुरू झालेल्या इस्राएली शाळेतून, जिला नंतर सर एली कदूरी यांचे नाव मिळाले, शिकून कितीतरी मुली शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. डॉ. जेरुशा झिराड (१८९१–१९८४) यांच्यासारखी बाई कामा हॉस्पिटलची प्रमुख होती. समाज लहान, पण नोकरी करणाऱ्या बायकांचे प्रमाण आपल्यात लवकर वाढले, याचा अर्थ संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या बायका आपल्यात लवकर झाल्या. चाळीतल्या दोन खोल्या, घासलेटचा स्टोव्ह, सामायिक नळ. पाट्यावर रोज वाटण करायला वेळ कुणाला? आठवड्याचे वाटण एकदम करून ठेवायचे, कोपऱ्यावरून पाव आणायचा, अंड्यांचे कालवण करायचे. पावाला आपल्या घरांत मान मिळाला तो मुंबईत. १९५९ साली भारतात प्रेशर कुकर बनू लागले तेव्हा डाळ-भाताचा तासाभराचा खोळंबा संपला. मी तर म्हणेन, त्या शिट्टीने बाईची जेवढी सुटका केली तेवढी पुष्कळ भाषणांनी केली नाही.

मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. ही तारीख मुद्दाम सांगते, कारण सहा वर्षांनी तिचा उपयोग झाला. इस्राएलमध्ये एप्रिल १९४९ मध्ये ‘त्सेना’, म्हणजे काटकसरीची राजवट, जाहीर झाली. दोव योसेफ हे पुरवठा खात्याचे मंत्री. प्रत्येक कुटुंबाला कुपनांची वही आणि नेमून दिलेला एक मकोलेतवाला. अंडी बहुधा भुकटीची, मासा गोठवलेला कॉड. हे १९५९ पर्यंत हळूहळू सैल होत संपले. माझ्या सासूबाई १९५० साली आल्या. त्या म्हणत, ‘युरोपातल्या बायका कुपनांच्या रांगेत रडत होत्या. आम्ही मुंबईहून रांगेत उभे राहायला शिकूनच आलो होतो.’ त्यांचे रडू वेगळ्या गोष्टीचे होते : तांदळाचे.

तांदूळ मिळत नसे. सबंध देशालाच त्याची टंचाई होती, कारण अरब देशांतून आलेल्या लाखो यहुद्यांनाही भातच हवा होता. शेवटी पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सांगण्यावरून १९५३ साली ओसेम कंपनीने गव्हाच्या पिठाचे, तांदळाच्या आकाराचे, भट्टीत भाजलेले दाणे काढले. ते ‘पीतीतीम’. लोक त्यांना थट्टेने ‘बेन गुरियनचा तांदूळ’ म्हणत. सासूबाईंनी त्यावर डाळ ओतून पाहिली. आकार भाताचा, चव शेवयांची! मग त्यांनी ते आपल्या रीतीने सरळ केले : तेलात कांदा, मोहरी, हळद, मिरची टाकून त्यात दाणे परतले आणि उकळते पाणी घातले. झाला सांजा. पोरे आवडीने खात. आज मोठमोठ्या हॉटेलांत पीतीतीम ऐटीत वाढतात, ते पाहायला त्या असायला हव्या होत्या.

चूल म्हणजे पेतीलिया, वातीचा घासलेटचा स्टोव्ह. आवाज नाही, पण आच मंद. वात नीट कापली नाही तर भांड्याला आणि नाकाला काजळी. तिच्या जोडीला प्रायमस : आच जोरदार, पण फरफर इतकी की मूल जागे व्हावे. डाळ पेतीलियावर सोडून द्यायची आणि पोळ्या प्रायमसवर भाजायच्या, अशी त्यांची वाटणी होती. तुरीची डाळ नव्हती, मसुरीची सगळीकडे होती. खवलेला नारळ नव्हता, सुका कीस मिळे. तो गरम पाण्यात भिजवून पिळला की पातळसर दूध निघे. कोकमाऐवजी लिंबू. कोथिंबीर मात्र भरपूर, कारण येमेनी शेजारणींना ती आपल्याइतकीच लागे. त्यांचा स्खूग म्हणजे कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ. आपल्या हिरव्या वाटणाचा तो सख्खा चुलतभाऊ. आपल्या बायकांची येमेनी बायकांशी पहिली ओळख हिब्रूतून झाली नाही, मिरचीतून झाली.

मी स्वतः १९७८ साली एस.एस.सी. होऊन आले. तोपर्यंत तांदूळही होता आणि गॅसही. मला नवल वाटले ते इथल्या रात्रीच्या जेवणाचे. पाव, बारीक चिरलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, एक अंडे, पांढरे चीज, ऑलिव्ह. बस्स! आपले पुरुष हे पाहून विचारीत, ‘हा नाश्ता झाला, जेवण केव्हा?’ यामागचे कारण कळले तेव्हा मला ती रीत शहाणपणाची वाटली. मुख्य गरम जेवण दुपारचे. कामगारांना ते कारखान्याच्या भोजनगृहात मिळे, मुले दुपारी शाळेतून घरी येऊन जेवत. दुपारी मांस झाले की काही तासांनी, रात्री, दुधाचे पदार्थ चालत. पाव, अंडी व दूध यांचे भाव सरकारने बांधलेले असल्यामुळे ते स्वस्तही पडे. धर्म, खर्च आणि बाईचे श्रम तिन्ही एका ताटात बसत.

पण दिमोना, बेर शेवा, लोद, अश्दोद इथल्या आपल्या घरांत हे रुजले नाही. गिरणीतून किंवा इस्पितळातून परतलेली बाई पुन्हा पोळ्या लाटायला उभी राहत असे, कारण घरधन्याला भाताशिवाय झोप येत नसे. मी अशा बायका वॉर्डात पाहिल्या आहेत : पाय सुजलेले, कंबर धरलेली, आणि घरी जायची घाई कशासाठी, तर पिठासाठी. परंपरा टिकली पाहिजे हे मलाही मान्य आहे. मात्र ती एकट्या कोणाच्या कमरेवर टिकवायची असेल, तर मला त्याविषयी बोलावेसे वाटते. बिरडे सोलायला सगळे घर बसत होते, ही परंपरासुद्धा आपलीच आहे ना?

माझी सून बँकेत आहे. ती महाराष्ट्रीय नाही, मोरोक्कोच्या घरातली. तिने मला विचारले की तुमचे असे काय आहे जे अर्ध्या तासात होते? तिला मी तीन गोष्टी शिकवल्या. पहिली मसुरीची खिचडी : दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर डाळ, दोन्ही धुऊन घ्यायची, भिजवायची गरज नाही. कांदा, जिरे, हळद तेलावर परतून त्यात घालायचे, सहा वाट्या उकळते पाणी, चवीला मीठ, झाकण, मंद आच. वीस-पंचवीस मिनिटांत तयार, वरून लिंबू. दुसरी, अंड्यांचे कालवण. आदल्या दिवशीची उकडलेली अंडी असली तर काम कांदा-टोमॅटो शिजण्यापुरतेच.

तिसरी, बुरी. हा इथला मासा म्हणजे आपला बोय, खवले असलेला, निर्धास्त खावा असा. तुकड्यांना मीठ-हळद चोळायची, तव्यावर दोन चमचे तेलात हिरवे वाटण परतायचे, तुकडे त्यात ठेवून अर्धी वाटी पाणी आणि लिंबाचा रस घालून झाकायचे. दहा-बारा मिनिटे. वाटण मी महिन्याचे एकदम करते आणि बर्फाच्या साच्यात गोठवते. दोन खडे एका वेळेला पुरतात.

परिचारिका म्हणून एक सांगणे राहिले. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, विशेषतः नेगेवच्या उन्हाळ्यात. त्यात वाढणारे जंतू पुन्हा गरम करूनही पोटाला त्रास देऊ शकतात. तास-दीड तासात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करा, चांगला वाफ येईपर्यंत परता, आणि कोणी ‘शिळे आहे का?’ म्हणून विचारले तर आज शिळा सण आहे असे सांगा. माझी सून तसेच सांगते, मराठीत.