'मी', 'तू' आणि 'तुम्ही' : ओळखीला दुजोरा देणाऱ्या समुपदेशनाचा पूर्वेतिहास

मराठीत स्वतःविषयी बोलू लागताच बोलणाऱ्याला आपले लिंग सांगावे लागते. 'मी आलो' किंवा 'मी आले'. मधली वाट सहसा मिळत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या कारखान्यातील पाळी संपवून, गणवेश उतरवून समुपदेशकासमोर बसलेली एखादी पारलिंगी व्यक्ती पहिल्या वाक्याआधी थबकते, तेव्हा ती केवळ शब्द शोधत नसते. हे क्रियापद समोरचा दुरुस्त करील, हसण्यावारी नेईल की तसेच परत वापरील, याचा अंदाज ती घेत असते. ज्याला आज अफर्मेटिव्ह समुपदेशन, म्हणजेच व्यक्तीने सांगितलेल्या ओळखीला दुजोरा देणारे समुपदेशन म्हटले जाते, त्याची कसोटी आमच्या मते या पहिल्या वाक्यापाशीच लागते.

हा विचार परका आहे, असे अनेकदा ऐकू येते. इतिहास मात्र निराळे सांगतो. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. घरात किंवा वैद्याकडे विचारता न येणारे प्रश्न वाचक या मासिकाला लिहून विचारीत, आणि कर्वे नीतीचा उपदेश न करता त्यांची उत्तरे देत. मराठीतील लैंगिक समुपदेशनाचा आरंभ शोधायचा तर तो या पत्रोत्तरांत सापडतो. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये मुंबईत कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीचे प्रश्न विकृतीचे मानण्याचे कारण नाही, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तो प्रश्न पारलिंगी ओळखीचा नव्हता, हे खरे. पण प्रश्न विचारणाऱ्याला आरोपी न मानण्याची भूमिका तिथे घेतली गेली, आणि पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे.

पुढची अनेक दशके मात्र दवाखान्याची भाषा 'विकार' आणि 'उपचार' हीच राहिली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळली. पारलिंगी ओळखीला यासाठी बरीच अधिक वाट पाहावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. एका प्रकरणातून दुसऱ्यात एवढाच हा प्रवास, पण 'मला काय झाले आहे?' या प्रश्नाच्या जागी 'मला कशाची गरज आहे?' हा प्रश्न ठेवणारा.

पुण्यात हे बदल पोहोचण्याआधीच काम सुरू झाले होते. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. समुपदेशनाबरोबरच त्यांनी मराठीत लेखन केले. 'मनाचिये गुंती' या पुस्तकात तर पालकांच्या अनुभवांना जागा दिली. ज्या भाषेत आई मुलाला हाक मारते, त्या भाषेत हा विषय बोलता आला नाही तर समुपदेशन खोलीबाहेर टिकत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

न्यायालयांतही पावले पडली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने त्या ओळखीला जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची वाट दाखवली, आणि त्यावर टीकाही झाली. मद्रास उच्च न्यायालयातील प्रसंग आम्हाला विशेष बोलका वाटतो. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आपले अज्ञान मान्य केले, एका मानसशास्त्रज्ञाकडून विषय समजून घेतला, आणि ७ जून २०२१ रोजी लैंगिकता किंवा लिंगओळख 'बदलण्याच्या' वैद्यकीय प्रयत्नांना मनाई करणारे आदेश दिले. निवाडा देणाऱ्याने आधी ऐकायला बसावे, हेच तर या समुपदेशनाचे सूत्र. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याआधी, २०१९ पासून, मुंबईच्या मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी या विषयाचे प्रशिक्षण सुरू केले होते. अशा प्रशिक्षणाचा गाभा हा, की तटस्थ राहणे पुरेसे नाही. घर, शाळा आणि नोकरी यांनी नाकारलेल्या माणसापुढे तटस्थता ही नकारासारखीच ऐकू येते.

नोकरीचा उल्लेख आला म्हणून पुन्हा पिंपरी-चिंचवडकडे वळू. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आल्यापासून हे शहर गावोगावच्या माणसांना कामावरून ओळख देत आले. 'कुठे असता?' या प्रश्नाचे उत्तर इथे कंपनीच्या नावाने मिळते. ज्यांना ते उत्तर कधी देताच आले नाही, अशा पारलिंगी व्यक्तींना २०२२ मध्ये महापालिकेने सुरक्षारक्षक, ग्रीन मार्शल आणि उद्यानांची निगा या कामांवर घेतले. मानसिक आरोग्याच्या नोंदवहीत हे लिहिले जात नाही. पण हजेरीपटावर आपल्या नावाने हाक येणे हाही एक दुजोराच असतो. तो नसेल तर समुपदेशकाच्या खोलीतला तासभर दाराबाहेर पडताच विरून जातो.

शेवटी पुन्हा भाषेकडे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीत स्त्रियाही 'मी येतो', 'मी जातो' असे सहज म्हणतात, आणि त्यांच्या स्त्रीत्वाला बाधा येत नाही. म्हणजे क्रियापदाचे लिंग ही रूढी आहे ; ती सैल होऊ शकते. 'तू आलास' किंवा 'तू आलीस' म्हणताना निवड करावी लागते, पण 'तुम्ही आलात' म्हणताना लागत नाही. मराठीने आदरासाठी घडवलेले रूप लिंग विचारत नाही, ही मोठी सोय आहे. स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटी नाकारणाऱ्या व्यक्तीशी बोलताना समुपदेशकाला, आणि वर्गात शिक्षकाला, ती आजच वापरता येईल. 'तुम्ही' म्हणून थांबावे, आणि समोरून येणारे 'मी' पुरते ऐकून घ्यावे. त्या 'मी'पुढे जे क्रियापद येईल, ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपला नाही.